काट्याची वर्दी, पेशीचा पंचनामा

धंतोलीतील आमच्या गल्लीत आता राहत्या घरांपेक्षा दवाखान्यांच्या आणि रक्ततपासणीच्या पाट्याच अधिक दिसतात; तरीही परसात वडिलांनी लावलेले संत्र्याचे एक झाड अद्याप तग धरून आहे. नागपुरी संत्र्याचे कलम जंबेरीच्या खुंटावर डोळा बांधून करतात, आणि त्या बांधणीच्या खालून जंबेरीचे काटेरी फुटवे डोके वर काढू लागले, की ते वेळीच छाटावे लागतात, नाही तर खुंटच कलमाला गिळून बसतो. गेल्या श्रावणात असाच एक फुटवा छाटीत असता काटा अंगठ्यात शिरला, मोडला आणि आतच राहिला. दुसऱ्या दिवशी अंगठा लाल झाला, तिसऱ्या दिवशी ठणकू लागला आणि त्याच्या टोकाशी पिवळसर ठिपका दिसू लागला. गल्लीतल्याच डॉक्टरांनी काटा काढला, पू वाहू दिला आणि खबरदारी म्हणून रक्त तपासावयास सांगितले. संध्याकाळी हाती आलेल्या कागदावर ‘न्यूट्रोफिल’ या शब्दासमोर ८२ टक्के असा आकडा होता. शेजारी छापलेली सामान्य मर्यादा मात्र ४० ते ७० टक्क्यांची होती.

न्यूट्रोफिल म्हणजे रक्तातील पांढऱ्या पेशींपैकी संख्येने सर्वांत मोठी जात. प्रौढ माणसाच्या अस्थिमज्जेत या पेशी दररोज सुमारे दहा हजार कोटी तयार होतात, आणि अंगठ्यातून निघालेला पू हा बव्हंशी त्यांच्याच मृत देहांचा ढीग असतो. येथवरची हकिकत शाळेच्या पुस्तकात सापडते. परंतु जिला डोळे नाहीत, कान नाहीत, नाक नाही आणि विचार करावयास मेंदू नाही, अशी मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढी पेशी, साऱ्या देहभर रक्ताबरोबर फिरत असता, नेमक्या याच अंगठ्यापाशी शिरेच्या भिंतीतून बाहेर कशी पडली, आणि बाहेर पडल्यावर काटा डाव्या अंगाला आहे की उजव्या, हे तिला कोणी सांगितले, हा प्रश्न मात्र त्या कागदावर सुटत नाही.

वासाचा उतार

सकाळच्या वेळी बर्डीच्या बाजारात डोळे मिटून उभे राहिले तरी तर्री-पोह्याची गाडी कोणीकडे आहे, हे आपल्याला थोडे चालून शोधता येते. गाडीपाशी वास दाट असतो आणि दूर जावे तसा तो विरळ होत जातो. कोणत्याही पदार्थाच्या या दाटपणाला रसायनशास्त्रात ‘संहती’ म्हणतात. आणि संहती जागोजाग क्रमाक्रमाने बदलत असेल, तर तिला जणू चढ-उतार आहे असे समजावयास हरकत नाही. हा चढ ओळखून त्याच्या रोखाने सरकणे, याला ‘रसायन-अनुचलन’ असे भारदस्त नाव आहे.

अंगठ्यातील वास कशाचा? जंतू आपली प्रथिने बांधू लागले, की पहिली वीट म्हणून मेथिओनीन हे अमिनो आम्ल बसवितात, आणि तिच्यावर ‘फॉर्मिल’ नावाचा एक लहानसा रासायनिक गट शिक्क्यासारखा मारलेला असतो. आपल्या पेशींच्या मुख्य कारखान्यात हा शिक्का वापरात नाही. त्यामुळे असे शिक्क्याचे तुकडे आढळले, की परका आल्याची वर्दी पांढऱ्या पेशीला मिळते. गंमत अशी, की आपल्याच पेशींतील तंतुकणिका, ज्या अतिप्राचीन काळी स्वतंत्र जंतू होत्या असे आज मानले जाते, त्या हा शिक्का अजून बाळगून आहेत. काट्याने मांस फाटले आणि पेशी फुटल्या, की त्यांच्यातूनही तोच वास बाहेर झिरपतो. म्हणजे फिर्याद जंतूंच्या विरुद्ध असो वा नुसत्या जखमेची असो, अर्जाचा नमुना एकच.

दोन परातींतला पाऊस

येथपर्यंत सारे सोपे वाटते. खरी अडचण पुढेच आहे. बाजारातला वास आपल्या नाकात असंख्य रेणूंनी शिरतो. पेशीच्या वाट्याला येणारे रेणू मात्र मोजके असतात, आणि ते शिस्तीने रांगेत येत नाहीत. १८२७ साली रॉबर्ट ब्राउन या वनस्पतिशास्त्रज्ञाने परागातून निघालेले सूक्ष्म कण पाण्यात अविरत थरथरताना पाहिले. ही थरथर पाण्याच्या रेणूंच्या आंधळ्या धक्क्यांमुळे होते, याचा गणिती उलगडा १९०५ साली आइन्स्टाइनने केला. पेशीजवळचा प्रत्येक रेणू असाच धक्के खात, वाट चुकत, कधी येतो आणि कधी येत नाही. या बेभरवशाच्या येण्याजाण्यालाच आपण ‘गोंगाट’ म्हणू.

मृगाचा पहिला शिडकावा सुरू होताच गच्चीवर दोन सारख्या पराती वीस हातांच्या अंतरावर ठेवाव्यात, आणि पाऊस कोणत्या बाजूस अधिक पडतो ते थेंब मोजून ठरवावे, अशी कल्पना करा. मिनिटभरात एका परातीत १०० थेंब पडले आणि दुसरीत १०८, तर दुसरीकडे पाऊस जास्त आहे असे म्हणता येईल काय? येणार नाही, कारण थेंब केव्हाही आणि कोठेही पडत असल्यामुळे १००च्या सरासरीत दहा-एकांचा फरक नुसत्या योगायोगानेच होतो. गणिताचा नियम असा, की मोजलेल्या संख्येचे वर्गमूळ काढावे, साधारण तेवढी चूक योगायोगाच्या पदरी घालावी. १०० थेंबांत चूक १० ची, म्हणजे दहा टक्के. १०,००० थेंबांत चूक १०० ची, म्हणजे एकच टक्का. मोजणी शंभरपट वाढवावी तेव्हा चूक दहापटच कमी होते. खात्री ही स्वस्तात मिळणारी वस्तू नाही.

आपल्या महसुली कारभारात ही अक्कल जुनी आहे. पूर्वी आणेवारी आणि आता पैसेवारी ठरविताना पटवाऱ्याने रस्त्याकडेचे एकच शेत पाहून साऱ्या गावचे पीक लिहून टाकले, तर गावकरी त्याला गावात टिकू देणार नाहीत. निवडक अनेक शेतांत पीककापणी करून सरासरी काढावी लागते. एका शेताची साक्ष फसवी असते, अनेक शेतांची फसवी नसते. पेशीलाही याच वाटेने जावे लागते. तिच्यासमोर दोन मार्ग असतात: साक्षीदार वाढविणे, किंवा त्याच साक्षीदारांना पुन्हापुन्हा बोलाविणे.

पाण्यातील जंतूची युक्ती

पांढऱ्या पेशीकडे वळण्यापूर्वी तिच्याहून पुष्कळ साध्या जीवाची साक्ष घेऊ. नागपुरात १९५८ साली सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकीची जी केंद्रीय संशोधनसंस्था स्थापन झाली आणि १९७४ पासून जी ‘नीरी’ या नावाने सर्वांच्या परिचयाची आहे, तिच्यासारख्या संस्थांत पिण्याचे पाणी तपासताना एका जंतूचा शोध आवर्जून घेतात. त्याचे नाव ई. कोलाय. तो आपल्या आतड्यातला कायमचा रहिवासी; पाण्यात तो आढळला, की त्या पाण्यात मैल्याचा शिरकाव झाला असे समजावयाचे. हाच जंतू रसायन-अनुचलनाच्या अभ्यासातही मुख्य साक्षीदार ठरला आहे.

जंतू अन्नाकडे जातात, हे विल्हेल्म फेफर या जर्मन शास्त्रज्ञाने १८८० च्या दशकातच दाखविले होते. मांसाचा अर्क भरलेली केसासारखी बारीक काचनळी जंतूंच्या पाण्यात बुडविली, की थोड्याच वेळात नळीच्या तोंडाशी त्यांची दाटी होई. पण एकेकटा जंतू नेमका कसा चालतो, हे कळावयास १९७२ साल उजाडावे लागले. त्या वेळी हॉवर्ड बर्ग यांनी पोहणाऱ्या जंतूचा सतत पाठलाग करणारे सूक्ष्मदर्शक तयार केले, आणि त्यातून असे दिसले, की जंतू सुमारे एक सेकंद सरळ धावतो, मग सेकंदाच्या दहाव्या हिश्शापुरता जागच्या जागी कोलांट्या खातो, आणि ज्या दिशेला तोंड होईल त्या दिशेने पुन्हा धावू लागतो. त्याच्या अंगावर कशाभिका नावाचे लांब पिळदार तंतू असतात. त्यांच्या मुळाशी असलेली प्रथिनांची चाके घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरली, की तंतूंची एक जुडी होऊन जंतू पुढे ढकलला जातो. ती सुलट फिरली, की जुडी उसकटते आणि कोलांटी होते.

नवी दिशा निवडणे जंतूच्या हाती जवळजवळ नसतेच. त्याच्या हाती एवढेच असते, की धावताना वास वाढत असेल तर कोलांटी लांबणीवर टाकावयाची. बर्डीतला डोळे मिटलेला माणूस असाच वागेल: वास वाढतो आहे तोवर चालत राहील, कमी झाला की जागीच गिरकी घेईल, आणि अनेक चुका करूनही अखेर गाडीपाशी पोहोचेल.

यासाठी जंतूला आत्ताच्या वासाची तुलना मघाच्या वासाशी करावी लागते, म्हणजेच त्याला स्मृती हवी. त्याच्या अंगावर ‘ग्राही’ नावाची प्रथिने असतात. विशिष्ट रेणू त्यांना चिकटला, की आत निरोप जातो. याच ग्राहींवर आतल्या बाजूने मेथिल नावाचे लहान गट सावकाश चढविले व उतरविले जातात, आणि मघा वास किती होता याची नोंद त्यांच्या संख्येत राहते. दवाखान्याशेजारी राहणाऱ्या आम्हा धंतोलीकरांना फिनाइलचा वास जाणवेनासा झाला आहे, पण बाटली फुटली तर तत्काळ कळते, जंतूचेही तसेच. कायमचा वास तो विसरतो आणि केवळ बदलाची दखल घेतो. १९८६ साली झालेल्या मोजमापांवरून असे ठरले, की त्याच्या दप्तरात साधारण चार सेकंदांची नोंद असते: गेल्या एका सेकंदाची सरासरी तो त्यापूर्वीच्या तीन सेकंदांच्या सरासरीशी ताडून पाहतो.

चारच सेकंद का?

अधिक वेळ मोजले तर चूक कमी होणार, हे परातींनी आपल्याला शिकविले. मग जंतू मिनिटभर का मोजीत नाही? हिशोब मांडून पाहू. एका लिटरात मोलचा दहा लाखावा भाग इतके विरळ अन्न असेल, तर जंतूच्या देहाएवढ्या, म्हणजे सुमारे एक घन मायक्रोमीटर पाण्यात त्याचे ६०० रेणू असतात. (मायक्रोमीटर म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग.) ६०० चे वर्गमूळ २५ च्या आसपास, म्हणजे एका क्षणीच्या मोजणीत चूक चार टक्के. परंतु लहान रेणू एवढे अंतर मिलिसेकंदाभरात ओलांडतात, त्यामुळे एका सेकंदात त्या पाण्यातील रेणू सुमारे हजार वेळा बदललेले असतात, आणि जंतूला हजार स्वतंत्र मोजण्या फुकट मिळतात. चूक त्यामुळे तीसपटीहून अधिक घटून एक टक्क्याच्या आठव्या हिश्शाच्या आसपास येते.

पण जो ब्राउनी धक्का रेणूंना हलवितो, तोच जंतूलाही फिरवितो. सुमारे दहा सेकंदांत त्याचे तोंड काटकोनाइतके वळून जाते. तेव्हा मिनिटभरापूर्वीची नोंद कितीही बिनचूक असली, तरी ती भलत्याच दिशेची असते; मुदत टळून गेलेल्या दस्तऐवजासारखी ती निरुपयोगी ठरते. चार सेकंदांची स्मृती हा या दोन संकटांमधला सौदा आहे: कमी मोजले तर गोंगाट फसवितो, जास्त मोजले तर दिशाच हातची जाते.

थोडे ग्राही पुरतात

याच हिशोबाचा शास्त्रशुद्ध पाया हॉवर्ड बर्ग आणि एडवर्ड पर्सेल यांनी १९७७ साली घातला. पर्सेल हे अणुकेंद्रांच्या चुंबकी गुणधर्मांवरील कामाबद्दल १९५२ चे नोबेल पारितोषिक मिळविलेले भौतिकशास्त्रज्ञ. रेणू मोजणाऱ्या कोणत्याही यंत्राला, मग ते कितीही कुशल असो, आपला आकार, रेणूंचा वेग, संहती आणि मोजण्याचा अवधी या चार गोष्टींनी घातलेली अचूकतेची मर्यादा ओलांडता येत नाही, हे त्यांनी दाखविले.

त्यांचा दुसरा निष्कर्ष अधिकच नवलाचा आहे. जंतूचा सारा पृष्ठभाग ग्राहींनी मढविला, तर जितके रेणू पकडले जातील, त्याच्या निम्मे रेणू पकडावयास पृष्ठभागाचा हजारावा हिस्साही पुरतो. बर्डीच्या गर्दीत वाट चुकलेला माणूस एका गल्लीत शिरला, की बाहेर पडेपर्यंत त्याच त्या दुकानांवरून दहा वेळा जातो. तसाच पृष्ठभागाशी आलेला रेणू तेथून कायमचा दूर जाण्याआधी तेथेच अनेकवार आपटतो, आणि केव्हा तरी एखाद्या ग्राहीवर पडतो. त्यामुळे एकाच देहावर शेकडो प्रकारच्या ग्राहींना जागा मिळते, आणि कोणी कोणाच्या हद्दीत शिरत नाही.

जंतूच्या टोकाशी हजारो ग्राही दाटीने एकत्र बसतात, आणि परस्परांच्या साहाय्याने क्षीण संकेत सुमारे ३५ पट मोठा करतात, हेही २००२ साली मोजले गेले. मात्र ध्वनिवर्धकाने गाण्याबरोबर खरखरही मोठी होते, हे गणेशोत्सवात सर्वांनी अनुभवलेले आहे. संकेत मोठा करून तो आतल्या यंत्रणेपर्यंत पोहोचविता येतो. मूळच्या मोजणीतली चूक त्याने भरून निघत नाही.

पांढरी पेशी: एकाच वेळी दोन टोके

आता अंगठ्याकडे परत येऊ. संध्याकाळी रामकृष्ण मठातील आरतीचे स्वर कोणत्या बाजूने येतात, हे आपल्याला जागचे न हलता कळते, कारण दोन कान एकाच वेळी ऐकतात आणि त्यांच्यात पुरेसे अंतर असते. ई. कोलायची लांबी अवघी दोन मायक्रोमीटर. त्याची दोन टोके म्हणजे एकमेकांस चिकटलेले कान. तो वेगाने पोहतो, म्हणून धावण्यातून अंतर निर्माण करतो. न्यूट्रोफिल त्याच्या पाच-सहापट रुंद, पण भलतीच संथ. मिनिटाला दहा-वीस मायक्रोमीटर एवढीच तिची मजल. ती धावून तुलना करू लागली तर काट्यापाशी पोहोचण्याआधी जंतूंचा संसार वाढेल. म्हणून ती पुढचे व मागचे टोक एकाच वेळी ताडून पाहते. तिच्या दोन टोकांशी संहतीत एक टक्का फरक असला तरी ती योग्य दिशेस वळते, असे सॅली झिगमंड यांनी १९७७ सालीच प्रयोगाने दाखविले.

एक टक्का किती थोडा, याचा अंदाज घेऊ. पेशीवर ५०,००० ग्राही आहेत आणि त्यांतील निम्म्यांवर रेणू बसले आहेत असे धरा. पुढच्या अर्ध्या भागातील भरलेले ग्राही मागच्या भागापेक्षा जास्त भरतील ते जेमतेम तीस. योगायोगाने पडणारा फरक मात्र शंभराहून अधिक. एका क्षणाचे चित्र पाहून निर्णय घेणारी पेशी निव्वळ छापा-काटा करील! तेरा-चौदा स्वतंत्र मोजण्यांची सरासरी घेतली, तेव्हा कोठे खरा फरक आणि गोंगाट बरोबरीला येतात. खात्रीसाठी त्याहून पुष्कळ अधिक मोजण्या हव्यात. न्यूट्रोफिल संथ आहे, आणि येथे तो संथपणा तिच्या उपयोगी पडतो. मोजावयास तिला सवड आहे.

सदर कचेरीचा हुकूम

मोजून झाले, तरी इतक्या लहान फरकावर साऱ्या देहाला कामाला कसे लावावयाचे? या कोड्याचे आज बहुमान्य असलेले उत्तर असे. ग्राहीला रेणू चिकटला, की त्याच जागी एक उत्तेजक निरोप निर्माण होतो, आणि तो आपल्या हद्दीबाहेर जात नाही. त्याच वेळी एक शामक निरोपही निर्माण होतो, पण तो सबंध पेशीत पसरून सर्वत्र सारखा होतो. प्रत्येक तालुक्याची तक्रार आपापल्या तालुक्यात, आणि सदर कचेरीचा हुकूम मात्र साऱ्या जिल्ह्याला सारखा, अशी ही वाटणी आहे. कचेरी सर्वांच्या सरासरीइतकी तक्रार रद्द करते. जेथे तक्रार सरासरीहून अधिक, तेथेच ती शिल्लक राहते, आणि तेवढ्याच बाजूस पेशीचा सांगाडा पुढे सरकून पाय फुटतो. वास सर्वत्रच वाढला तरी पेशी बावरत नाही, कारण हुकूमही त्याच प्रमाणात वाढतो.

शिवाय पहिली पेशी एकटी राहत नाही. जखमेपाशी पोहोचलेल्या पेशी ल्युकोट्राइन बी-४ नावाचे द्रव्य सोडतात, आणि दूरच्या पेशींना तो नवा, अधिक ठसठशीत वास मिळतो. मूळ वर्दी क्षीण होती, पण ती हातोहात पुढे जाताना बळावत जाते.

> थोडक्यात
>
> • रेणूंचे येणे-जाणे बेभरवशाचे असते. मोजणीतील चूक तिच्या वर्गमुळाएवढी राहते.
>
> • लहान व चपळ जंतू आत्ताच्या वासाची तुलना मघाच्या वासाशी करतो. मोठी व संथ पांढरी पेशी एका टोकाची तुलना दुसऱ्या टोकाशी करते.
>
> • अचूकता वाढविण्यास अधिक ग्राही किंवा अधिक वेळ लागतो; परंतु फार वेळ थांबले तर माहितीच शिळी होते.
>
> • स्थानिक उत्तेजन आणि सर्वत्र सारखे शमन यांच्यामुळे अल्पसा फरकही स्पष्ट दिशा बनतो.

गोंगाट नाहीसा करण्याची कला कोणत्याही पेशीला साधलेली नाही, आणि १९७७ च्या त्या हिशोबाप्रमाणे ती साधणारही नाही. पेशी करते ती गोष्ट साधी आहे: जेवढे साक्षीदार मिळतील तेवढे बोलावते, जेवढी मुदत परवडेल तेवढी घेते, आणि मग अपुऱ्या पुराव्यावर निकाल देऊन पाऊल टाकते, पाऊल चुकले तर पुढच्या मोजणीत ते दुरुस्त करते. माझा अंगठा आठ दिवसांत बरा झाला. आपल्या हाती रक्ततपासणीचा कागद येईल तेव्हा न्यूट्रोफिलची ती एक ओळ क्षणभर अवश्य वाचावी. तेथे छापलेल्या आकड्यातील प्रत्येक पेशी, वेळ येताच, याच रीतीने आपली वाट शोधणारी असते.